नानांच्या सहा खुर्च्यांची व्यवस्था

मी, नलिनी गंगाधर कीर्तिकर, वय एकसष्ट, राहणार गिरगाव, खोली नंबर चौदा, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही आणि मुलगा माधव कचेरीत गेला आहे.

१. माझे सासरे नाना यांनी माझगावच्या एका बंगल्याच्या लिलावात सहा खुर्च्या घेतल्या. कोरीव पाठ, वाकडे पाय, लाल मखमल. ‘फ्रान्सच्या राजाच्या वेळच्या आहेत,’ असे ते आल्यागेल्याला सांगत. गादीवाल्या गुणाजीने पट्टे बदलताना मला हळूच सांगितले, ‘वहिनी, ह्या हयच मुंबैत घडवलेल्या. जुन्या फ्याशनीची नक्कल.’ नानांना मी हे कधी कळू दिले नाही. त्यांची दया आली.

सासऱ्यांसमोर सुनेने खुर्चीवर बसायचे नाही, ही घरची रीत. नाना दिवसभर खोलीत असत. बावीस वर्षे मी उभी राहिले, नाहीतर जमिनीवर बसले.

२. जाताना नाना म्हणाले, ‘सूनबाई, तू आहेस तोवर एकही खुर्ची उंबऱ्याबाहेर जायची नाही. शब्द दे.’ मी दिला. पुढे हे वारले तेव्हा खोलीत यांना नीट ठेवायला जागा नव्हती. शेजारी म्हणाले, खुर्च्या गॅलरीत काढू. मी नको म्हटले. यांचे पाय दुमडून ठेवावे लागले. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेले नाही.

संयुक्त महाराष्ट्र समितीची मुले चौकातल्या सभेसाठी खुर्च्या मागायला आली, त्यांनाही नाही म्हटले. ती मला काँग्रेसवाली म्हणू लागली. गोळीबाराच्या दिवसांत त्यांच्यासाठी पिठले-भात मीच रांधला होता, हे ती विसरली.

३. माझा शब्द माझ्याबरोबर संपतो. मला बाहेर नेण्याआधी खुर्च्या बाहेर काढाव्यात. चार समितीच्या कचेरीला, दोन गुणाजीला. शेजारच्या शामरावांनाही एक दिली असती, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात.

४. खोलीची भाडेपावती आणि पोस्टातले पुस्तक सून लतिका हिच्या नावे करावे. माधव, खुर्च्या सांभाळण्याचा तोच शब्द तू तिच्याकडे मागतो आहेस, हे मी स्वयंपाकघरातून ऐकले आहे. मला तुझा फार राग आला.

५. लतिका, मरणाऱ्या माणसालाही नाही म्हणता येते. मला हे कोणी सांगितले नव्हते. वरचे काही पटले नाही, तर मलाही नाही म्हण.

वाचून, समजून सही केली.
नलिनी गंगाधर कीर्तिकर

आमच्यादेखत सही झाली:
१. शामराव विठ्ठल पाठारे, खोली नंबर पंधरा
२. बाबुराव सखाराम नाईक, खोली नंबर नऊ

गिरगाव, मुंबई. ता. १४ फेब्रुवारी १९५९