उजवी बिजागरी

२० ऑक्टो. २००७, शनि. शिरूर
खंडेनवमी. दुकानातली हत्यारं पुसून पाटावर मांडली. सोल्डरिंग गन, मीटर, पक्कड. यंदा स्वातीचा लॅपटॉपही. पोरगी नको म्हणत होती. कंपनीचा आहे, अजून तिला कायम केलेलं नाही. म्हटलं, हत्यारच की तुझं. झाकण उघडून ठेवलं, कडेला हळदकुंकू बोटभर, पाण्याचा थेंब लागू दिला नाही. वर फूल, अक्षता. झाकण मीच मिटवलं.

२३ ऑक्टो., मंगळ.
लॅपटॉपची स्क्रीन लुकलुकतेय. स्वाती म्हणाली, "पूजेपर्यंत चांगला होता, आप्पा." एवढंच. पण म्हणाली.
मला व्होल्टेजचा संशय. दुकानातून स्टॅबिलायझर आणून लावला. फरक नाही. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवला, तरी तेच. म्हणजे व्होल्टेज नव्हे. चुकलो, पण तपासून चुकलो.

२५ ऑक्टो., गुरु.
दुकानातला मॉनिटर लॅपटॉपला जोडून पाहिला. मॉनिटरवर चित्र स्थिर, लॅपटॉपवर थरथर. झाकण हलवलं की कमी-जास्त. स्क्रीनकडे जाणारी केबल उजव्या बिजागरीतून जाते, तिथंच दाब येतोय. उघडतो म्हणालो.
"हात लावू नका. सील तुटलं तर साहेबांना काय सांगू?"
नंतर ऑफिसातल्या कुणाशी तरी फोनवर : "घरी नाही दाखवला रे. आप्पा टीव्हीचं करतात."
मी दारातच होतो. टीव्हीचं! क्लासची पायरी न चढता शिकलो. कोरेगाव भीमापासून दौंडपर्यंत लोक माझ्याकडे सेट घेऊन यायचे. यायचे. हल्ली…

२९ ऑक्टो., सोम.
ऑफिसच्या कॉम्प्युटरवाल्यानं आतलं सगळं पुसून नव्यानं भरलं. घरी आणल्यावर थोडा वेळ बरा, मग पुन्हा लुकलुक. आता तो म्हणतो स्क्रीनच बदला. स्क्रीनला काय झालंय? विचारलं, त्यानं केबल पाहिली का?
स्वाती ताटावरून म्हणाली, "तो शिकलेला आहे, आप्पा."
सौ. मागाहून म्हणाली, "मनावर घेऊ नगा. नोकरीच्या भ्यानं बोलती ती." भ्यानं बोलती, मग माझ्यावरच का?

३ नोव्हें., शनि.
स्वाती सणसवाडीला ऑफिसात, लॅपटॉप घरी. सोमवारी तो स्क्रीन बदलायला पुण्याला जाणार. सौ. म्हणाली, "बघा की आता. कोन बघतंय?"
स्क्रू एकही काढला नाही. सील जसंच्या तसं. बॅटरी काढून बाजूला ठेवली, उजव्या बिजागरीच्या फटीत टॉर्च मारला. केबलला टेकून काहीतरी लालसर. चिमट्यानं अलगद ओढलं.
तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.
बॅटरी घालून चालू केला, झाकण मागं-पुढं केलं. स्क्रीन स्थिर, लुकलुक नाही. केबलवर बारीक वळ उठलाय. टिकेल का, आत्ताच सांगता येत नाही.
सौ.नं विचारलं, काय निघालं? कचरा, म्हटलं.
केबलच होती. मी म्हणत होतो तीच, तिथंच. हे तिला सांगायचंय. त्या शिकलेल्यालाही कळायला पाहिजे. पण मग ती विचारणार, केबलला काय झालं होतं?
दाणा शर्टाच्या खिशात आहे. स्वातीची गाडी आली वाटतं, फाटक वाजलं…