अंबूच्या रुखवताचे शिंपले

१२ एप्रिल १९३३
मेल्या तम्मण्णानं आज माझी वेताची बुट्टी नदीच्या डोहात उपडी केली! सगळ्या सकाळचे शिंपले! शिंपले जाळून चुना करणाऱ्या भट्टीच्या ठेकेदारानं याला राखणीला ठेवलाय, तर मलप्रभा जणू याच्या बापाची. म्हटलं, "धाकट्या बहिणीच्या, अंबूच्या रुखवताला पायजेत. इकायला न्हवं." तर म्हणतो, "ठेका हाय. एक बी न्हाय मिळायचा."

१३ एप्रिल
परशराम अण्णा त्याचीच बाजू घेतो! सख्खा भाऊ! "रांडमुंड बाईनं नदीवर भांडू नये. लोक हसत्यात." नवरा हिवतापानं गेला. मी मारला नाही!

१५ एप्रिल
चावडीवर गेले. भिंतीवरचा सरकारी कागद मोठ्यानं वाचला — रिकामे शिंपले घरच्या हस्तकामासाठी कुणीही न्यावेत. हातानं वेचावेत, डोक्यावरून नेता येईल अशी एकच बुट्टी. जिवंत शिंपला काढू नये, विकू नये. ठेका असला तरी ही मुभा आहेच. पाटील मिशी ओढत म्हणाले, "व्हय, तसंच लिवलंय." तम्मण्णा थुंकला. "बाई शिकली की गाव नासतंय."
"नासू दे," म्हटलं.

१६ एप्रिल
बुट्टी आणली. तो काठावर बसून एकेक शिंपला उलटून बघत होता — जिवंत निघतो का! डोळे फुटोत त्याचे.

२९ एप्रिल
रुखवताचा शिंपल्यांचा मोर पुरा झाला. लाल खणावर शिवला. पिसाऱ्याला शिंपल्यांची आतली बाजू वर ठेवली — निळसर, मधेच गुलाबी. भोकं पाडताना बोटं कापली, कापू देत. अंबू किती वेळ बघत होती. "आक्का, माझ्या सासरी, बेळगुंदीत, कुणाकडं बी असलं न्हाई बघ." राग गेला. जवळजवळ.

४ मे
बेळगुंदीची माणसं आलती. अंबूची होणारी सासू गुणाबाई मोरापुढं थांबली. "कुणी केलं गं ह्ये?" मी पुढं होऊन म्हटलं, "मी." तिनं पदर आवरून घेतला. मोर काय चावणार होता? "विधवेच्या हातचं मांडवात मांडायचं न्हाई. काढा ते." अण्णानं लगेच उचलून गोठ्यात नेलं.
मी अंबूकडं बघितलं. नुसतं 'असू दे' म्हणाली असती तरी पुरे होतं. ती बांगड्या फिरवत म्हणाली, "आक्का, त्यांचं बी बरोबर हाय. लगीन हाय न्हवं."
तम्मण्णा बरा! तो निदान तोंडावर वैरी होता.

५ मे
लुगडी बोचक्यात बांधली आणि शहापूरची वाट धरली.

११ मे, शहापूर
सोनाबाई विणकरणीकडं कामाला राहिले. आज अंबूचं लग्न. काल अण्णा बोलवायला आलता — "मांडवात नको. मागल्या दारानं ये, जेवायला."
मी त्याच्या तोंडावर दार लावलं.