चौकटीत बसवलेलं समन्स

तीर्थस्वरूप दाजी यांना,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा वाकून नमस्कार (गुडघा अजून नीट वाकत नाही, पण कागदावर पूर्ण वाकलोय असं समजा). तब्येत कशी आहे? रक्तदाब मोजता ना, की मशीन पुन्हा कपाटावर गेलं? ताईची कंबर काय म्हणते? आम्ही इकडे ठणठणीत. दुकान जोरात आहे, आणि मी तर सध्या असा चालतोय की आमची ही म्हणते, जरा मान खाली घालून आत या, दाराची चौकट लागेल. पण कारणच तसं घडलंय. दाजी, तुमच्या ह्या मेहुण्याच्या नावानं वॉरंट निघालं होतं! खरंखुरं, कोर्टाच्या शिक्क्याचं. आणि ते त्यानं स्वतः शोधून काढलं, स्वतःच्या पायांनी कोर्टात जाऊन रद्द करून घेतलं आणि वर साक्षही देऊन आला. घाबरू नका, बसून वाचा. (ताई स्वयंपाकघरात असेल तर उत्तम.)

तुम्ही निवृत्तीच्या आधी रजा काढून आमच्याकडे राहायला आला होतात, तेव्हाची ती व्हॅन आठवते ना? आपण दोघं दुकानासमोरच्या बाकावर चहा घेत होतो आणि फर्निचरवाल्याची व्हॅन उतारावरून मागे मागे येत शेजारच्या शिवणवालीबाईंच्या दुकानात घुसली. बाईंचा पाय मशीनखाली सापडला. तो पाय अजून धड टेकत नाही, दाजी, आणि पायानंच चालवायचं मशीन, तेव्हा धंदा जवळजवळ बंद. ड्रायव्हर म्हणतो, मी गाडीत नव्हतोच, ती आपोआप घसरली. बाईंना भरपाई मिळणार की नाही, हे सगळं आपल्या साक्षीवर आहे. त्या दिवशी त्यांना रिक्षात बसवताना, आम्ही दोघं कोर्टात सांगू, असा शब्द आपणच दिला होता. (मी दिला, तुम्ही मान हलवलीत. कोर्टाचं नाव काढलं की तुम्हाला तहान लागते हे मला ठाऊक आहे.)

पुढे समन्स आलं. आता मला सांगा, बाप-आजोबांपासून आपल्या घरात कुणाला सरकारनं कधी काही विचारलंय? आणि इथे चक्क आपलं पूर्ण नाव, वर राजमुद्रा, खाली शिक्का, आणि मध्ये ठसठशीत अक्षरांत ‘साक्षीदार’. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. असा कागद काय ड्रॉवरमध्ये कोंबायचा? मी त्याला सागवानी चौकट केली. आत सोनेरी माउंट (म्हणजे चित्राच्या चारी बाजूंनी आम्ही बसवतो तो जाड पुठ्ठा, तुम्ही ज्याला नेहमी ‘बॉर्डर’ म्हणता आणि मी नेहमी दुरुस्त करतो). कागदाच्या खालच्या भागात कुणीतरी निळ्या शाईनं गिचमिड करून ठेवली होती, त्यामुळे सगळ्या कागदाची शोभा जात होती. तेवढी मी माउंटखाली घेतली. कुठल्याही कसबी माणसानं तेच केलं असतं. मग फ्रेम गल्ल्याच्या मागे लावली आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवली. लोक लग्नाचे फोटो घ्यायला यायचे आणि माझं समन्स बघून जायचे.

असे कित्येक महिने सुखात गेले. मग एक दिवस आपल्या चौकीतले हवालदार त्यांच्या बक्षिसाचं प्रमाणपत्र फ्रेम करायला घेऊन आले. मी सवयीनं माझी फ्रेम दाखवली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. (मला वाटलं, कोपऱ्याचा जोड बघतायत. तो बघण्यासारखाच आहे.) मग त्यांनी हळूच विचारलं, ‘मास्तर, ह्याच्यावर हजर राहायची तारीख असते, ती कुठंय?’ मी म्हटलं, तारीख ते मागाहून कळवणार असतील. हवालदारांनी फ्रेम उलटी केली, माझ्याच पकडीनं मागचे खिळे काढले, माउंट उचललं, आणि त्या निळ्या गिचमिडीकडे बोट दाखवलं. दाजी, तीच तारीख! आणि ती केव्हाच होऊन गेलेली! माझी पाचावर धारण बसली. हवालदार म्हणाले, साक्षीदार आला नाही की कोर्ट वॉरंट काढतं. आमच्या हातात ते पडलं की मला तुम्हाला न्यायला यावं लागेल, आणि माझ्या प्रमाणपत्राची फ्रेम तर अजून व्हायचीय. त्यापेक्षा तुम्हीच जाऊन चौकशी करा, आपण होऊन गेलेल्या माणसाला कोर्ट सहसा आत टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दाढी करून, ठेवणीतला कोट घालून कोर्टात. बरोबर फ्रेम, कारण केस नंबर तिच्यातच. दाराशीच घोडं अडलं. काच आत नेता येणार नाही म्हणे! मी तिथल्या तिथे पायरीवर बसून काच काढली, शिपायाच्या ताब्यात दिली आणि वर त्यालाच बजावलं, उभी ठेव, आडवी ठेवशील तर तडकेल. चौकशीच्या खिडकीवर गेलो तर तिथला पाणी पीत बसलेला कारकून म्हणाला वरच्या मजल्यावर, वरचे म्हणाले मागच्या इमारतीत, आणि मागच्या इमारतीतल्या माणसानं मला पुन्हा चौकशीच्या खिडकीवर पाठवलं. तिथे तोच कारकून, पण आता त्याचं पाणी पिऊन झालं होतं. त्यानं नंबर विचारला. मी अख्खी फ्रेम खिडकीतून आत सरकवली. ती अडकली. मग त्यानं तिकडून ओढली आणि मी इकडून ढकलली, आणि मागची रांग एकदम प्रेमानं बोलू लागली. (त्यातले शब्द इथे लिहीत नाही, पत्र ताईच्या हातात पडू शकतं.) शेवटी त्यानं वही उलटसुलट करून सांगितलं, आहे, तुमच्या नावचं वॉरंट आहे. दाजी, खरं सांगतो, मी दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला. पण त्यानं नाव इतकं स्पष्ट आणि मोठ्यांदा उच्चारलं की रांगेतले सगळे वळून बघायला लागले, आणि का कोण जाणे, माझी मान आपोआप ताठ झाली. खटल्याची पुढची तारीख जवळच होती. त्या दिवशी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज घेऊन स्वतः हजर व्हा, एवढं त्यानं समजावलं. माणूस भला निघाला.

त्या दिवशी मी कोर्टाच्या खोलीत बसलो होतो. न्यायाधीशबाई यायच्या होत्या. समोरच्या भिंतीवर एक जुनी तसबीर, आणि ती तिरकी! मी डोळे मिटून बसलो, इकडेतिकडे पाहिलं, जीभ चावली. शेवटी राहवेना. बाकावर चढून मी ती सरळ करत होतो नेमक्या तेव्हाच सगळे उठून उभे राहिले. मी तर आधीच सगळ्यांच्या वर उभा. न्यायाधीशबाईंनी विचारलं, हे कोण? कारकून म्हणाला, वॉरंटमधले. आता माझं काही खरं नाही असं वाटलं. पण मी खाली उतरलो, अर्ज दिला आणि का आला नाहीत ह्या प्रश्नाला उत्तर म्हणून फ्रेम पुढे केली. माउंट म्हणजे काय, ते कशाला लावतात, तारीख खाली कशी गेली, सगळं नीट समजावून दिलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, ओठ घट्ट मिटले आणि थोडा वेळ फाइलच्या आड गेल्या. मग म्हणाल्या, कोर्टाचा एवढा मान आजवर कुणी ठेवला नसेल आणि कोर्टाचं इतकं कुणी कमीही ऐकलं नसेल. वॉरंट रद्द, ताकीद देऊन. लगेच साक्षही घेतली. व्हॅन कुठून आली, शिवणवालीबाई कुठे बसल्या होत्या, मी घडाघडा सांगितलं. शिवणवालीबाई मागच्या बाकावर कुबडी धरून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. आयुष्यात इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

तर असं आहे. बाकी सगळं क्षेम. ताईला नमस्कार, तुम्हाला पुन्हा एकदा.

तुमचा, आता कोर्टानंही ओळखलेला,
मेहुणा

ता. क. एक सांगायचं राहिलं. सरकारी वकिलांनी शेवटी विचारलं, स्टिअरिंगवर ड्रायव्हरला तुम्ही पाहिलंत का? गल्लीत सगळ्यांना मी ‘हो, पाहिलं’ असंच सांगत आलोय, पण शपथ घेतली होती. त्या क्षणी मी समोरच्या औषधवाल्याची पाटी तिरकी झालीय ते बघत होतो. मी सांगितलं, त्याला माझ्या दाजींनी पाहिलं, तो फोनवर बोलत होता हेही पाहिलं. ऐकीव गोष्ट कोर्टात चालत नाही, त्यामुळे ड्रायव्हरचा वकील खुशीत लगेच खाली बसला. म्हणजे बाईंचा खटला आता तुमच्यावर आहे.

ता. क. २. तुमचं समन्सही तेव्हा आमच्याच पत्त्यावर आलं होतं. तुमच्या निरोप समारंभात मी दिलेली आणि तुमच्या सोफ्याच्या वर लावलेली फ्रेम म्हणजे तेच ते. हो, त्यालाही सोनेरी माउंट आहे. आणि हो, तुमच्याही नावचं वॉरंट निघालंय, मी त्याच वहीत डोळ्यांनी पाहिलं. ‘ह्याच्यावर तारीख कशी नाही रे?’ असं ताईनं भर समारंभात विचारलं होतं आणि मी तिला, तुला फ्रेममधलं काय कळतंय, म्हणालो होतो. तेवढं तिला आठवू देऊ नका. फ्रेम मागून उघडा (पुढून पट्टी उचकटू नका, सागवान आहे), काच घरीच ठेवा आणि येत्या सोमवारी सकाळी कोर्टात हजर व्हा. अर्ज लिहून ठेवलाय, फक्त सही करायची. पाण्याची बाटली मी आणतो.

ता. क. ३. शिवणवालीबाई रोज दुकानाच्या दाराशी येऊन विचारतात, ते उंच पाहुणे येणार ना? मी रोज हो म्हणतो. वॉरंट रद्द झाल्याचा माझा हुकूम गल्ल्याच्या मागे लागलाय आणि त्याच्या शेजारी तुमच्यासाठी खिळा ठोकून ठेवलाय. ह्या वेळी माउंट लावणार नाही.