शेवू लिहायला शिकते

२१ जून १९८२

पंधरा यत्ता पास झाल्यावर आता ही लिहायला शिकणार! मग इतकी वर्षं शाळेत काय माशा मारत होती?

म्हणे बी.ए.च्या पुढचा कोर्स आहे, व्यावसायिक लेखन. म्हणजे पोटासाठी लिहायचं. जाहिरात, पत्रक, रेडिओवर बोलतात ते. गिरगावात संध्याकाळचं कॉलेज, एक वर्ष. मला आजवर वाटायचं रेडिओवाले आपल्या मनानेच बोलतात. फीचं ती शिकवण्या करून बघते आहे, म्हणून मी तोंड आवरलं. थोडंच.

बाईंनी वर्गाला सांगितलं, रोज वहीत काहीतरी लिहा, हात वळेल. हिने पहिल्या दिवशी लिहिलं — आज विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी — आजही नाही. मग वही ट्रंकेवर पडली. चांगली जाड, कोरी वही! तिने लिहिलेलं पान फाडलं आणि मी लिहायला बसले. मी दुसरी पास. पण मला रोज विशेष असतं.

पहिल्या पानावर घरातली माणसं लिहायची असतात म्हणे. लिहिते. मी. माझा मुलगा गुणाजी, कापडगिरणीच्या साचाखात्यातला, म्हणजे मागावरचा विणकर, जानेवारीपासून संपावर. त्याची थोरली शेवंती, म्हणजे आमची शेवू. सून धाकट्यांना घेऊन गावाला शेतीवर गेली, तिथे निदान पेज आहे. लालबागेतली एक खोली. संपली माणसं.

२ जुलै

गुणाजीला हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. गिरणीत सुताची तार तुटली की सांधायची, ती सवय. आज उठून बघते तर माझ्या गोधडीचे सुटलेले सगळे दोरे एकमेकांना सांधून ठेवलेले. पाय बाहेर काढला तो अडकला. मी म्हटलं, "माका साच्यार चढवलंस काय रे?"

हसला. बऱ्याच दिवसांनी.

९ जुलै

बाईंनी नवं खूळ काढलंय. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवा — अशा माणसाला, ज्याला तुमच्या लिहिण्याचं काडीचं कौतुक नाही. शेवू सरळ माझ्यासमोर येऊन बसली! अख्ख्या चाळीत मीच सापडले.

मी तांदूळ निवडत होते. ठरलं असं, की ऐकता ऐकता माझा हात थांबला तर लिहिलेलं पास. चालत राहिला तर नापास.

आज दंतमंजनाची जाहिरात होती. 'शुभ्रतेचे साम्राज्य.' मी म्हटलं, माझ्या तोंडात दात उरले चार, साम्राज्य वसवू कुठे? हात काही थांबला नाही. तांदूळ मात्र स्वच्छ झाले.

१० जुलै

साबणाची. नापास.

१४ जुलै

बिस्किटाची. हात थांबला. शेवू आनंदाने उडाली. मी म्हटलं, खाली बस, किडा सापडला होता.

३० जुलै

बाईंनी तिच्या कागदावर एवढ्या लाल रेघा मारल्यात की लग्नाचं पातळ वाटावं. शेवू रडवेली. मी वाचून बघितलं. बाईंनी जे खोडलं ते खोडण्यासारखंच होतं. तसं सांगितलं, तर दोन घास कमी जेवली.

बाईंनी शेवटी लिहिलं होतं — आधी माणूस नीट बघ, मग लिही. बाई शहाणी दिसते. आम्ही आधी बोलतो आणि मग माणूस बघतो.

गणपतीचा दिवस

या वर्षी गावाला जाणं नाही. चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायला गुणाजीलाच उभा केला. गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला सगळं सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावाला हे काम त्याच्या बापाकडे होतं. बापाचा आवाज मोठा होता, गुणाजीचा खोल आहे. जिन्यात उभी राहिलेली मुलंसुद्धा व्हय म्हाराजा करत होती.

शेवू हात जोडायचे सोडून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

१८ ऑक्टोबर

शेजारचा लवू आला होता. संपाच्या कमिटीत आहे, स्वतःला पुढारी समजतो. खिशाला पेन असतं, शाई नसते. गेटवर वाटायला पत्रक हवं म्हणाला. मागचं पत्रक वाचायला माणसं तयार नाहीत, सुरुवातच 'याद्वारे' अशी होती. "शेवू, तू कॉलेजात लिवूकच शिकतंस मा? मग आमका लिवन दी."

शेवूने बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, लिही, हाच तुझा अभ्यास समज.

२१ ऑक्टोबर

वाचून दाखवलं. गाऱ्हाणंच लिहिलंय!

'बा देवा, गिरणीच्या भोंग्याच्या म्हाराजा! आज तुझी लेकरां गेटार हात जोडून नाय, मूठ आवळून उभी हत. जो कोण आमच्या ताटात माती कालवता, त्येची भाकरी तव्यार करपान जाऊंदे...'

माझा हात थांबला. शेवूने सुपात वाकून बघितलं, किडा आहे का. नव्हता.

२५ ऑक्टोबर

गेटवरची हकिगत गुणाजीने सांगितली. लवूने पत्रक मोठ्याने वाचलं. पहिल्या वाक्याला दोघं-चौघं म्हणाले, दुसऱ्याला पन्नास, मग सगळं गेटच व्हय म्हाराजा! लवूला असा चेव चढला की शेवटी तळाला छापलं होतं तेही त्याच सुरात वाचलं — छापणारे अमुक प्रेस, चिंचपोकळी. त्यालाही सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा!

गुणाजी हसून हसून खोकला. मग शेवूला म्हणाला, "तुझ्या आज्याक सांगूक व्हया होतां." आजा म्हणजे गावाला गाऱ्हाणं घालणारा त्याचा बाप. एवढंच. शेवू लाजून पाणी आणायला गेली. हंडा भरलेला होता.

६ फेब्रुवारी १९८३

गावाहून स्थळ आलंय. कोंडीराम, एस्टीत कंडक्टर, कणकवली डेपो. मुलगा चांगला, नाकीडोळी नीट. वाचतो फक्त तिकिटं. पत्रात लिहिलंय, मुलीने पुढे शिकायचं आणि नोकरीचं बंद करावं.

गुणाजी दोन दिवस विचार करत होता. घरात एक खाणारं तोंड कमी होईल, असं त्याच्या मनात आलं असणार. मला कळतं, माझ्याच पोटचा आहे. शेवटी शेवूला म्हणाला, पुढच्या गणपतीच्या आत लिहिण्याची नोकरी धर, नाहीतर कोंडीराम. शेवू म्हणाली, चालेल. मला कोणी विचारलं नाही, तरी मीही म्हटलं, चालेल.

१३ जून

शेवू पास! वर्गात दुसरी. पहिला आला तो पुण्याचा. असू दे.

१९ जुलै

फोर्ट, चर्चगेट, प्रभादेवी, सगळीकडे चपला झिजवून झाल्या. सगळे एकच विचारतात, अनुभव आहे का. अहो, नोकरी दिलीत तर येईल ना अनुभव, तो काय बाजारात वजनावर मिळतो?

कोंडीरामच्या घरचं दुसरं पत्र आलं. गणपतीला मुलगी बघायला बसू म्हणतात.

१२ ऑगस्ट

लागली! लागली नोकरी! फोर्टातली जाहिरात कंपनी. बाईंनीच तिथल्या साहेबाला संपाचं पत्रक दाखवलं होतं. साहेब म्हणाला, एवढ्या माणसांना जिने एका सुरात बोलायला लावलं ती मुलगी मला पाहिजे. आता पहिलं काम पसंत पडलं की कायम.

गुणाजीने चाळभर गूळ वाटला. पेढ्याचे दिवस नाहीत, पण हात पेढे वाटल्यासारखाच वर होता. लवू म्हणाला, "पोरीक आमी शिकवलां हां!" शिकवणार! स्वतःच्या पेनात शाई नाही.

कोंडीरामच्या घरी कार्ड टाकलं — मुलगी नोकरीत गुंतली आहे.

१७ ऑगस्ट

पहिलं काम आलं. गिरणीमालकांचं पत्रक. कामगारांनो, कामावर या.

शेवू चहा निवेपर्यंत तशीच बसली. गुणाजी गॅलरीत होता. मला हळूच म्हणाली, "साहेबांनी सांगितलंय, तसंच लिही. गाऱ्हाण्यासारखं."

मी विचारलं, बाप संपावर आहे हे सांगितलंस का त्यांना?

"सांगितलं. म्हणाले, म्हणून तर तुला दिलं."

असं आहे! मला या संपाचं कौतुक कधीच नव्हतं. दीड वर्ष झालं, अर्धी माणसं गावाला, अर्धी हिंदमाताला फुटपाथवर चड्ड्या विकतात, काही गुपचूप कामावर गेलीसुद्धा. पण गुणाजी शब्द देऊन बसलाय. शब्द गिळायचा तर माणसाने आपल्या हाताने गिळावा. मुलीने भरवू नये.

काय करायचं ते तिचं तिने ठरवावं. नोकरी तिची, बापही तिचा.

१९ ऑगस्ट

वाचून दाखवलं. गुणाजी लवूबरोबर बाहेर गेला होता. घरातल्या रिकाम्या पिठाच्या डब्यावर लिहिलं होतं, डबा उघडताना कसा वाजतो त्यावर. तिसऱ्या ओळीला माझा हात थांबला. सुपातच राहिला.

"थांबला, आजी?"

मी म्हटलं, नाही. बोटात कळ आली.

मला वाटलं, नापास झाली की कागद परत करेल. जमलं नाही म्हणेल, दुसरं काम देतील. नाहीच दिलं तर कोंडीरामला दुसरं कार्ड टाकता येईल, तो कुठे पळतोय, उभा असेल कणकवली डेपोत.

शेवू कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझं. नुसता डबा दिसतोय, माणूस दिसत नाही." आणि फाडून टाकला.

सुटले! त्या आनंदात भाताला मीठ दोनदा पडलं.

२० ऑगस्ट

शेवू दिवसभर जिन्यात. मधेच उंबऱ्यात येऊन उभी राही आणि बापाकडे बघे. तो आपला माझ्या गोधडीशी, दोरे सांधत. मला वाटलं, मुलीला बापाची दया आली.

२२ ऑगस्ट

कागद परत नाही केला. नवीन लिहून देऊन आली! मला वाचूनसुद्धा दाखवलं नाही. मी रागावले, तर म्हणाली, "आजी, या वेळी तुझा हात नको होता. माझाच थांबला."

साहेब खूश आहेत म्हणे. नोकरी कायम.

मी खोटं बोलून तिच्याकडून आणखी चांगलं लिहून घेतलं. या वयात हे शहाणपण!

२९ ऑगस्ट

गिरणीमालकांनी पत्रकं वाटली. लवू एक घेऊन आला, सगळ्यांनी मिळून हसायला. गॅलरीत माणसं जमली. वाचायला गुणाजीलाच लावलं, आवाज त्याचा. तोही हसतच उभा राहिला.

'बा म्हाराजा, तू हरूक नाय. तू दमलंस...'

मागून कोणीतरी सवयीने म्हटलं, व्हय म्हाराजा. लवूही म्हणाला, आणि जीभ चावली. माणसं हसली. गुणाजी पुढे वाचायला लागला.

'घरात बसान तुझी बोटां गप रवनत नाय. आवशीच्या गोधडेचे दोरे सांधतत. त्या बोटांका गोधडी नको हा, साचो होयो. जन्मभर ज्येनां तुटलेली तार सांधली, त्येका सांधूक कसली लाज?'

थांबला. कागद खाली केला नाही, पण थांबला.

"ह्यां कोणी लिवल्यान?" कोणाकडे बघून विचारलं नाही.

दारातून शेवू म्हणाली, "मी, बाबा."

लवू कठड्याबाहेर थुंकला. मला वाटलं, आता गुणाजी कागद फाडेल, नाहीतर पोरीवर हात उगारेल. त्याने कागद परत डोळ्यांपुढे धरला आणि शेवटपर्यंत वाचला. तळाला छापणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं. त्याला कोणी काही म्हणालं नाही.

मग घरात येऊन जेवला. शेवूने वाढलं.

३० ऑगस्ट

सकाळी गुणाजीने गिरणीत न्यायचा डबा मागितला. शेवूने भरून दिला. लवूच्या दारावरून गेला तर लवूने दार लोटून घेतलं.

शेवू जिन्यापर्यंत गेली. म्हणाली, बाबा, सांभाळून जा.

खालून आवाज आला — व्हय म्हाराजा.