ब्रश पुसायची फळी आणि उत्तराधिकारी

मी, जोतीराम धोंडीबा बनसोडे, वय वर्षे एकसष्ट, धंदा पेंटर (दुकानांच्या पाट्या, भिंती, ट्रक व नंबर प्लेट), राहणार बौद्धवस्ती, पलूस, जिल्हा सांगली, आज रविवार दिनांक २२ नोव्हेंबर १९९८ रोजी माझ्या मिळकतीची आणि मनात अडकून राहिलेल्या काही गोष्टींची व्यवस्था लिहून ठेवतो. हे राजीखुशीने लिहीत आहे, कोणी बसवून लिहून घेतलेले नाही. मी शुद्धीत आहे याचा पुरावा म्हणजे आज सकाळी हाताला काठीचा टेकू न देता 'ज्ञ' काढून पाहिला आणि तो सरळ आला. छातीत मधूनमधून दुखते, पण त्याचा अक्षराशी संबंध नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही.

वकीलसाहेबांनी दिलेला मसुदा एका पानाचा होता. त्यात घर, टपरी आणि सामान बसले, बाकीचे काही बसेना. पाटीवर जागा कमी पडली की पेंटर अक्षर बारीक करतो. मी कागद वाढवला आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पुढची पडवी, माझी पत्नी मनुबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, व तिच्या पश्चात मुलगा कुणाल आणि मुलगी दीक्षा यांना समसमान. पोस्टात जे काही आहे ते मनुबाईचे. पडवीच्या भिंतीवर मी रंग तपासण्यासाठी ओढलेले फराटे आहेत. ते पुसायचे की ठेवायचे हे मनुबाईने ठरवावे. गेली तीस वर्षे ती पुसा म्हणत आली आहे, त्यामुळे निकाल काय लागेल हे मला माहीत आहे.

कलम २. एसटी स्टँडजवळची टपरी कुणालला. तो सांगलीत कॉम्प्युटरवर रेडियमची अक्षरे कापतो. ती सगळी सारखी येतात, एका 'क'चे पोट दुसऱ्या 'क'पेक्षा मोठे नसते. मी एकदा त्याला विचारले, "ह्यात तुजा हात कुठं दिसतोय रं?" तो म्हणाला, "आण्णा, गिऱ्हाइकाला हात नको हाय, अक्षर पायजे." हे मला तेव्हा फार लागले. पुढे दीक्षाने सांगितले की अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्नच आता जुना झाला म्हणणारे चित्रकार जगात आहेत, आणि त्यांचीही प्रदर्शने भरतात. म्हणजे कुणालला त्यातले काही माहीत नसताना तो त्यांच्यात जाऊन बसला आहे. त्याने टपरीवरची 'जोती आर्ट्स' ही पाटी काढली तरी माझी हरकत नाही, फक्त फोडून जाळू नये.

कलम ३. भाऊसो पेंटर, राहणार उंब्रज, याला मी काहीही देत नाही. एकतर तो साक्षीदार आहे, आणि वकीलसाहेब म्हणतात की ज्याला मिळायचे त्याने साक्षीला राहू नये. दुसरे म्हणजे १९७९ साली त्याने उंब्रजला हायवेच्या कडेची माझी भिंत बुजवली. तिथे मी दंतमंजनाची जाहिरात रंगवली होती, अक्षर दोन फुटी. त्याने वरून चुना मारला आणि ज्वारीच्या बियाण्याची जाहिरात केली. माझा 'ळ' मात्र जसाच्या तसा उचलला. पावसाळ्यात त्याचा चुना उतरला आणि खालचा माझा ऑइलपेंट वर आला. दीक्षा तेव्हा सहा वर्षांची, नुकती वाचायला लागलेली. एसटीच्या खिडकीतून तिने मोठ्याने वाचले, "पांढरेशुभ्र दात, एकरी वीस क्विंटल." सगळी गाडी हसली. मी भाऊसोची जिरली म्हणून हसलो. ती मात्र हसली नाही. कऱ्हाड येईपर्यंत विचारत राहिली, "आण्णा, ह्यातलं खरं कुठलं?" मी म्हणालो, माझं. ती म्हणाली, "मग त्याचं बी दिसतंय की."

माझे खारीच्या केसांचे ब्रश, सूत मारायची दोरी, हात टेकायची काठी आणि रंगांची पत्र्याची पेटी दीक्षाला. भाऊसोला हे कलम वाचूनच सही करावी लागेल, एवढे त्याला पुरे.

कलम ४. आता फळीचे. हे कलम लांबणार आहे, साक्षीदारांनी चहा मागवावा.

आंब्याची फळी, पाच फूट लांब, दीड फूट रुंद. १९६४ साली धंदा सुरू केला तेव्हापासून टपरीत उभी होती. एका रंगातून दुसऱ्या रंगात जाताना ब्रश आधी फळीवर पुसायचा आणि मग टर्पेंटाइनमध्ये बुडवायचा, ही माझी पद्धत. हळदीच्या व्यापारी पेढ्यांचा पिवळा, गुळाच्या अडत्यांचा तांबडा, चौदा एप्रिलच्या कमानीचा निळा, असे बत्तीस वर्षांचे रंग बोटभर जाड बसले होते. मी त्याकडे कधी पाहिले नाही. पायपुसण्याकडे कोण पाहतो?

दीक्षा सांगलीत चित्रकलेचे शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, तिच्या वर्गाचे प्रदर्शन होते. ती म्हणाली, "आण्णा, ती ब्रश पुसायची फळी न्यू का?" मला वाटले, चढायला घोडा करायचा असेल. न्हे म्हणालो. काय काढणार आहेस विचारले तर म्हणाली, "काढणार काय न्हाई. मांडणार हाय. ह्याला उत्तर आधुनिक म्हणत्यात."

उत्तर हा शब्द मी आयुष्यात शेकडो वेळा रंगवला आहे, शाळांच्या भिंतींवर. प्रश्न वर, उत्तर खाली. तेव्हा मी धरून चाललो की आधुनिक कलेने काहीतरी विचारले असेल आणि आमची पोरगी त्याचे उत्तर देत आहे. मला अभिमान वाटला. प्रश्न काय, हे विचारायचे मात्र राहून गेले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी एका पेढीची पाटी लावायला सांगलीला गेलो होतो, म्हणून हॉलमध्ये डोकावलो. बाकीच्या मुलांची चौकटीतली चित्रे होती आणि मधल्या भिंतीवर, दोन दिव्यांच्या उजेडात, माझी मळकी फळी. मी आत पाऊल न टाकता मागे फिरलो. माझे वडील धोंडीबा छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिले काम केले ते घर घासून पांढरे करण्याचे. चार लोकांत जायचे तर स्वच्छ जायचे, बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवले. मला दिसले ते एवढेच की उद्या सगळी सांगली माझी घाण बघणार आणि माझ्या मुलीला हसणार.

दुसऱ्या दिवशी पलूसहून पहिली एसटी धरली. शिपायाला सांगितले, "मी दीक्षाचा बाप, थोडं काम ऱ्हायलंय." फळीशेजारी भिंतीवर एक छोटे कार्ड चिकटवले होते. त्यावर रंग उडू नये म्हणून ते न वाचता काढले आणि पेटीच्या झाकणात ठेवले. फळीला पांढरा मारला. वाळायला वेळ नव्हता, पंखा लावला. मग माझ्या हातात होते नव्हते ते सगळे कसब लावून त्यावर लिहिले :

उत्तर : आधुनिक कला
कलाकार – कु. दीक्षा जोतीराम बनसोडे, पलूस

उत्तरापुढची ती दोन टिंबेसुद्धा मीच दिली. पेपरात देतात तशी.

दहा वाजता दीक्षा सरांना आणि पाहुण्यांना घेऊन आली. मी ब्रश पुसत उभा होतो. म्हणालो, "आता कसं झ्याक दिसतंय!" टिंबांकडे बघून एकजण फिसकन हसला. पुण्याहून आलेले एक गृहस्थ म्हणाले की हेच खरे उत्तर आधुनिक, आता असेच राहू द्या. दीक्षाने त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाली, "आण्णा, ह्ये काय केलंसा? तुमी तुमालाच पुसलंसा." आणि बाहेर गेली. मी समजलो, रागाने काहीतरी बोलली. मलाही राग आला. पहाटे उठून गेलो त्याचे हे फळ, असे मनुबाईला येऊन म्हणालो.

त्यानंतर दीक्षाला साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. चौदा एप्रिलला घरी येते, आईजवळ बसते, मला पाणी आणून देते. बोलत नाही. मी दोन पत्रे घातली. उत्तर नाही.

मग मी माझ्या परीने शोध घेतला. शाळेतून निवृत्त झालेले आमचे आप्पासो गुरुजी यांना विचारले, हे उत्तर म्हणजे कुठले उत्तर? की उत्तर हिंदुस्थानातले? गुरुजी म्हणाले, "अहो जोतीराम, उत्तर म्हणजे नंतर. उत्तरार्ध, उत्तररात्र, तसं." मी म्हणालो, "आधुनिक म्हंजे आत्ताचं. मग आत्ताच्या नंतरचं आत्ताच कसं काय हाय?" गुरुजी तीन दिवस माझ्या गल्लीतून गेले नाहीत.

उत्तर मला फळीनेच दिले. ती भाजीच्या टेम्पोतून घरी आली होती आणि पडवीत पडून होती. मी घाईत पॉलिश पेपर मारला नव्हता. भाऊसोच्या चुन्याला हसणारा मी, माझाच पांढरा वर्षभरात फुगला आणि पापुद्रे सुटू लागले. 'कला'मधून पिवळा दिसायला लागला, टिंबातून निळा. एका दुपारी मी स्टूल टाकून तिच्यासमोर बसलो आणि दिवस मावळेपर्यंत उठलो नाही. एक पिवळा पाहून सांगलीच्या गणपती पेठेतली पाटी आठवली, एका तांबड्यावरून पाटी रंगवताना कुणालच्या जन्माचा निरोप आला ते आठवले. मी ज्या पाट्या रंगवल्या त्यातल्या बहुतेक आज नाहीत. त्या पुसताना जे उरले तेवढेच आहे. मग मला उंब्रजची भिंत आठवली आणि सहा वर्षांची पोर आठवली. खालचे जात नाही, वरचे टिकत नाही, आणि दोन्ही मिळून तिसरेच काही वाचता येते. तिला हे सहाव्या वर्षी दिसले. मला एकसष्टी गाठावी लागली. माझ्या समजुतीत चूक असेल तर दीक्षाने ती दुरुस्त करावी.

ही फळी दीक्षाला देत आहे. ती कोणी घासू नये, परत रंगवू नये, वर व्हार्निश मारू नये. सुटेल तेवढे सुटू द्यावे.

कलम ५. माझ्या वडिलांनी छप्पन साली आणलेली बाबासाहेबांची तसबीर कुणालच्या घरी राहावी. याबाबत एक गोष्ट नोंदवतो. भांडणाच्या आधी दीक्षाने मला सांगितले होते की या नव्या विचारात कुठल्याही एका मोठ्या गोष्टीवर सगळे जग तोलायचे नसते. मी म्हणालो, "तुज्या आज्ज्याला एकाच मोठ्या गोष्टीनं ताठ उभं केलं. ती कशी सोडू?" ती म्हणाली, "आण्णा, ह्ये आमच्या सरास्नी विचारायला पायजे." तिने विचारले का, आणि सर काय म्हणाले, हे मला अजून कळलेले नाही. हा वाद माझ्यापुरता उघडा आहे. माझ्यामागे पुण्यानुमोदनाचा विधी साधेपणाने करावा.

कलम ६. गेल्या वैशाखात आकड्यांचा साचा शोधताना पेटीच्या झाकणात ते कार्ड सापडले. दीक्षाचे अक्षर, 'ळ' माझा. त्यावर लिहिले आहे :

ब्रश पुसायची फळी, १९६४ ते १९९६
कलाकार – जोतीराम धोंडीबा बनसोडे, पेंटर, पलूस

तिचे नाव कार्डावर कुठेही नाही. मी जन्मभर दुसऱ्यांची नावे रंगवली. माझे नाव एकदाच कोणीतरी भिंतीवर लावले, ते मी झाकणात टाकले आणि त्याच्या जागी तिचे लिहिले. हे वाचून मी रडलो. मनुबाईने विचारले तर टर्पेंटाइन डोळ्यात गेले म्हणालो. दीक्षा, माझी चूक झाली. हे मी कोणाच्या दडपणाखाली नसताना लिहीत आहे.

ते कार्ड फळीबरोबर दीक्षाला द्यावे. फळी कुठे लावली तर ते शेजारी लावावे आणि माझ्या नावाखाली तिने आपल्या हाताने आपले नाव लिहावे. रंगवली मी, पण मांडली तिने.

वकीलसाहेबांच्या मसुद्यात शेवटी उत्तराधिकारी असा शब्द होता. मी गुरुजींना विचारले, हा उत्तराधिकारी म्हणजे उत्तर देणारा का? ते म्हणाले, "नाही, नंतर येणारा." मग म्हणाले, "दिलं तर बरंच." माझ्या फळीची, पेटीची आणि कलम ४ व ५ मधल्या सर्व प्रश्नांची उत्तराधिकारी म्हणून मी दीक्षाला नेमतो.

येणेप्रमाणे सहा कलमे मी स्वतःच्या हाताने, एकाच शाईने लिहिली आहेत. खाडाखोड चार ठिकाणी आहे. खालचे वाचता यावे म्हणून ती मुद्दाम एकाच रेघेने केली आहे.

सही : जोतीराम धोंडीबा बनसोडे, पेंटर

आमच्यासमोर वाचून सही केली :

१. आप्पासो रामचंद्र माळी, निवृत्त शिक्षक, पलूस
२. भाऊसो केशव सुतार, पेंटर, उंब्रज (कलम ३ वाचले. भिंत बुजवली हे खरे. 'ळ' माझा स्वतःचा आहे.)

ठिकाण : पलूस
दिनांक : २२ नोव्हेंबर १९९८

ता. क. – हे साक्षीदार गेल्यावर लिहिले आहे, कायद्यात धरू नये. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात म्हणे. म्हणजे हेही नंतरचेच झाले. तेवढे थांबायची माझी तयारी नाही. दीक्षा, याची एक प्रत उद्याच्या टपालाने साताऱ्याला पाठवत आहे. पाकिटात माझा पत्ता घातलेले एक कोरे कार्ड आहे. अक्षर कसेही येऊ दे. तुझे उत्तर मला आधी हवे आहे.

– आण्णा