एक सूत मागे

३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

एकोणीस वर्षं ज्यांनी 'चोराच्या घरचे' हे शब्द मुकाट गिळले, त्या आपल्या घरातल्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे. पाकिटावर फक्त तुम्ही आहात, कारण बाबांच्या शेजारी बसून छिन्नी चालवलेले आता तुम्ही एकटेच उरलात.

काल मी त्या देवालयात जाऊन आले. बाबांना कामावरून काढल्यापासून तुमच्याखेरीज आपल्यापैकी कुणी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. मी तिकीट काढून पाहुण्यांच्या घोळक्यात शिरले. खांबांवरच्या वेली, घुमटाच्या आतली दगडी पाखरं, सगळं जिथल्या तिथे. उत्तरेच्या भिंतीशी, दिवेवालीसमोर, वाटाड्या थांबला. हातात दिवा धरलेल्या त्या कोरीव बाईकडे बोट करून म्हणाला, की ही नक्कल आहे; खरी शिळा इथल्याच डागडुजीच्या मिस्त्रीनं काढून विकली आणि स्वतः घडवलेली इथे बसवली. लोक हसले. एकानं तर चोराच्या हाताचं कौतुकही केलं. हजारोंच्या सभा गाजवणारी मी, घोळक्याच्या मागे सरकले. पाच एप्रिलला तिथे हीच हकीकत कोरलेली पितळी पाटी लागणार आहे. बाबांच्या नावासकट.

घोळका पुढे गेल्यावर मी बाबांची युक्ती केली. पर्समधला आरसा काढून खिडकीतला उजेड दगडावर आडवा टाकला. काका, ती शिळा भिंतीशी अगदी सपाट आहे. सांध्यावरून नख फिरवलं, कुठे अडलं नाही. बाबांचा नियम मी तुम्हाला सांगायचा का? नवा दगड जुन्याच्या एक सूत मागे, इंचाचा आठवा भाग. पाहणाऱ्याला कळलं पाहिजे की हे आपलं काम. जुन्या कारागिराच्या पंगतीत चोरून बसायचं नाही. मी त्यांचे बाकीचे जोड तपासले. कमान, पायऱ्या, खांबांचे तळ, सगळे एक सूत मागे. मग ही कुणी बसवली?

दोऱ्यानं शिळेची लांबी-रुंदी घेऊन गाठी मारून ठेवल्या आहेत. कशासाठी, ते मलाही नीट सांगता येणार नाही. आईला अजून बोलले नाही. परसातला धुण्याचा दगड अजून डुगडुगत असेल तर यंदा तरी बसवून घ्या, असं काकूंना सांगा.

तुमच्या मायेची हक्कदार,
तोफ


१० मार्च

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारचे कुंपणाशी जमले. त्यांना वाटलं आमच्याकडे सभा भरली. बावन्न वर्षांची झालीस, पण दारूगोळा काही संपत नाही तुझा! देवालयात आरसा काढून उभी राहिलीस, रखवालदाराला वाटलं असेल बाई वेणीफणी करायला आल्यात.

आता कामाचं. शिळा सपाट बसली म्हणून दादा सुटला, असं होत नाही गं. चोर काय नियम पाळून चोरी करतो? मचाणाचं सामान ठेवायच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती, दिवेवालीची कागदावर काढलेली मापं त्याच्या पेटीत सापडली. मी त्या महिन्यात रजा घेऊन सासुरवाडीला होतो, त्यामुळे मला यातलं काही ठाऊक नाही. आणि ती तडा गेलेली बाई आता कुठल्या परक्या दिवाणखान्यात उभी असेल, ती काय साक्षीला येणार आहे? पाटी लागते तर लागू दे. चार दिवस लोक वाचतील, मग तिच्यावर धूळ बसेल.

धुण्याचा दगड डुगडुगतो आणि काकूचं तोंडही. मी म्हणतो, एकदा टेकलेल्या दगडाला उगाच हात लावू नये. वहिनीच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझ्या भल्याची काळजी वाहणारा,
काका


१७ मार्च

ती. काकांस,
नमस्कार.

आपल्या घरात बाबांना चोर म्हणणारे तुम्ही पहिले. वाटाड्याला त्याबद्दल पगार मिळतो. तुम्हाला काय मिळालं? विचारायला नको. बाबांची जागा मिळाली, आणि निवृत्त होईपर्यंत ती टिकली.

मी पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा एका शब्दाशी थांबले. दिवेवालीला तडा गेला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बाबांच्या मापांच्या कागदावर तडा नाही. जुन्या फोटोत नाही. चौकशीच्या अहवालात नाही. खरी शिळा नाहीशी झाली, इतकंच जगाला ठाऊक आहे. ती फुटली हे फक्त फुटताना तिथे असलेल्यालाच ठाऊक असणार.

आईला मी शेवटी विचारलं, आडवळणानं. ती म्हणाली की तुम्ही सासुरवाडीला कुठले, त्या महिन्यात तर दोरीवरचे कपडे रोज दगडाच्या भुकटीनं पांढरे होतात म्हणून काकू तिच्याकडे कुरकुरत होत्या. परसात तेव्हा काय घडत होतं, काका? त्या काळात तिथे शिळा घडवू शकणारे हात दोघांचेच होते. त्यातले एक जोड मागे सोडून बसवायचे.

मी खोटी ठरले तर भरल्या घरात तुमचे पाय धरीन. पण उत्तर द्या.

अजून तुमचीच,
तोफ


२४ मार्च

चि. तोफेस,
आशीर्वाद.

हे पत्र काकूला न दाखवता लिहितोय. तुझ्या प्रश्नांची उत्तरं कागदावर मावायची नाहीत. तूर्त इकडे येऊ नकोस. परसात सिमेंटचं काम काढलंय, सोमवारी गवंडी येणार आहे. धुण्याचा दगडही पक्का करून टाकतो, काकूची इतक्या वर्षांची तक्रार मिटेल.

एवढंच लिहितो. शिळा खाली उतरवताना दोर सुटला, माझ्या हातून सुटला. माझी मुलं लहान होती. दादाला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला होता, तोफेच्या कानावर जाऊ देऊ नकोस, ती गावभर करेल.

म्हातारा झालो गं. राग आवरता घे.

काका


२६ मार्च

ती. काकांस,

बाबांना ठाऊक होतं, हे वाचून मी ताटावरून उठले. म्हणजे त्यांनी तुम्हाला पुढे जाऊ दिलं आणि स्वतः एक सूत मागे राहिले. पाहणाऱ्याला कळावं म्हणूनच तर ते तसं करत. एकोणीस वर्षं आपण कुणी पाहिलंच नाही. तुम्ही रोज पाहत होतात आणि गप्प होतात.

आणि आता सिमेंट! काकूंनी एकोणीस वर्षं हात जोडले तरी ज्याला तुम्ही पहार लावू दिली नाही, त्या दगडासाठी सोमवारीच गवंडी? त्या दगडावर बसून मी तुमच्या मुलांचे कपडे धुतलेत. पाठ सपाट, दोन हात लांब, हातभर रुंद. माझ्या दोऱ्याच्या गाठी तेवढ्याच अंतरावर आहेत. त्याची दुसरी बाजू आपल्यापैकी कुणीही पाहिलेली नाही.

गावभर करायची मला हौस नाही. मला एकच माणूस साक्षीला हवं आहे. आई येते म्हणाली. तिनं परसात एक खुर्ची ठेवायला सांगितली आहे. रविवारी नऊला आम्ही तुमच्या दारात असू. सिमेंट आधीच ओतलेलं दिसलं, तर मला दुसरा पुरावा नको, आणि पाच तारखेला त्या पाटीखाली उभी राहून मी बोलेन.

आजवर दिलेला लोभ खरा असेल, तर गवंड्याला नको म्हणा. आईसमोर, स्वतःच्या हातानं, तो दगड उलटा करा.