मिटलेली पानं

अर्धापूर,
१४ मे २०२४

चि. सत्यम,
अक्काचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. श्रीमंतमामा उद्या लातूरला निघालेत, तेव्हा हा कागद त्यांच्या हाती.

शाळेला सुट्टी लागली तशी मी नांदेडहून इथे आले. घरात अण्णा आणि मी दोघंच. कैऱ्या यंदा आंबटढाण आहेत. तुझी लोणच्याची बरणी बाजूला ठेवली आहे.

विहिरीने तळ दाखवला. केळी निसवल्या, घड बाहेर पडले आणि नेमकं आता पाणी नाही. आठवतं, दुपारी पानं मधल्या शिरेवर मिटून दोन्ही अंगांनी खाली लोंबायची, आणि आपण म्हणायचो, केळी झोपल्या? अण्णा चिडायचे. "झोपलं न्हाई रं, पानी राखून राहिलंय. ऊन उतरलं की उघडतंय." आता ऊन उतरतं, रात्र सरते, तरी पानं उघडत नाहीत. खालची पानं कापून मी बुडाशी अंथरली, ओल टिकावी म्हणून. ओलच नाही तर टिकणार काय, माझं कपाळ?

केळी मोडून सोयाबीन पेरू म्हणालास म्हणून अण्णांनी तुला घराबाहेर काढलं. पण तू लातुरात पाण्याचा टँकर चालवतोस हे ते गावभर सांगत असतात. तुझ्या तोंडावर नाही सांगणार, ते सोड.

आता लपवून काय करू? गुरुवारी अण्णा बागेतच उन्हात कोसळले. अंगातलं पाणी आटून किडनीवर ताण आलाय, नांदेडला भरती करा, उशीर नको, असं डॉक्टर म्हणाले. अण्णा खाट सोडत नाहीत. "पानं उघडल्याबिगर म्या हलत न्हाई." दिवसभर एकच विचारतात, उघडली का?

आज सकाळी मी वैतागून म्हणाले, "हाव, उघडली."

"मंग एक पान आन."

शेजारच्या बसवंतकाकांच्या बोअरला अजून पाणी आहे. त्यांच्या बागेतलं रुंद, ताठ पान कापून आणलं. अण्णांनी ते छातीवर घेतलं, सावकाश हात फिरवला. "हे बसवंताचं हाय. आपल्या पानाच्या कडा करपल्यात, पोरी," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून पेला पुढे केला की म्हणतात, "केळीला घाल."

सत्यम, मला फार भीती वाटते आहे. एक टँकर घेऊन ये. सगळी बाग वाचणार नाही, मला कळतं. बांधाजवळची एक ओळ जरी उघडली तरी त्यातलं पान मला अण्णांच्या हातात देता येईल. मग मी त्यांना उचलून गाडीत घालीन.

आत्ताच त्यांनी विचारलं, कुणाला लिहून राहिलीस? तुझं नाव सांगितलं. मग म्हणाले, "रिकाम्या पोटी गाडी चालवू नगं म्हनावं."

रस्त्याकडे तोंड करून बसलेली,
तुझी अक्का